सुमनला वाचता येतं

१ जुलै २००२

आज शाळेचा पहिला दिवस. मुलांचा तर होताच, माझाही होता.

इतकी वर्षं इंदूरच्या मिलच्या टाइम ऑफिसात बसून मोठ्या माणसांची हजेरी लावली, आज तिसरीच्या पोरांची लावली. मिलमध्ये माणूस टोकन टाकून मुकाट पुढे जायचा. इथे नाव घेतलं की पोरगं उडी मारून उठतं आणि "उपस्थित, सर!" म्हणून छप्पर फाडतं. पहिल्या दोन-तीन वेळा दचकलोच.

मिलच्या फाटकाला कुलूप लागल्यापासून काय काय करून पाहिलं. नमकीनच्या कारखान्यात पाकिटं भरली, वकिलाकडे टायपिंग केलं. बी.ए.ची डिग्री पेटीच्या तळाशी पडून होती, ती आता कामाला आली. संविदा शिक्षक. एका शालेय वर्षाचा करार, काम बरं दिसलं तर पुढे.

मंजुळानं शर्टाला कडक इस्त्री केली होती. म्हणाली, "आजोबा महूच्या पलटणीत, वडील मिलमध्ये आणि तुम्ही मास्तर. बाबासाहेबांना आनंद झाला असता." मग लेकीला, संबोधीला, तिच्या शाळेच्या रिक्षात बसवलं आणि निघालो. ती नव्या इंग्लिश स्कूलमध्ये पहिलीत आहे. टाय फार छान दिसतो तिला.

९ जुलै

शाळा मिलच्याच भिंतीला लागून आहे. चार खोल्या, एक हातपंप. बहुतेक पोरं मिलवाल्यांची. बाप आता कोणी ठेला लावतो, कोणी टेम्पो चालवतो, कोणी काहीच करत नाही.

लूम खात्यातला श्रीराम भेटायला आला. आता छावनीच्या मंडीत हमाली करतो. खांदे पूर्वीसारखेच, चेहरा मात्र वाळला आहे. त्याची सुमन माझ्याच वर्गात निघाली. म्हणाला, "चांगदेव भिया, म्हारे को तो काला अक्षर भैंस बराबर। छोरी पढ़ जाए तो घर में एक तो हो जाएगा।" मी म्हटलं, अपनी ही बेटी है, बेफिकर रह.

सुमन बोलायला एक नंबर. आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प होतात. काल तिनं गल्लीतल्या लग्नातलं भांडण अथपासून इतिपर्यंत सांगितलं, कोण कोणाला काय म्हणालं ते सगळं शब्दाला शब्द. पुस्तक पुढे ठेवलं की मात्र चित्राकडे बघून वाटेल ते सांगत सुटते. ओळीशी काही संबंध नाही.

तिचंच कशाला, वर्गातल्या बहुतेकांचं तेच आहे. तिसरीपर्यंत ही मुलं आली कशी?

२० ऑगस्ट

आज जनशिक्षक शरदचंद्रजी आले. आमच्या भागातल्या शाळांची देखरेख त्यांच्याकडे. हेडमास्तरीण शोभना मॅडमच्या खोलीत सगळ्यांना बसवून त्यांनी नवा कायदा समजावला. भोपाळहून पक्कं झालं आहे: तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आलंच पाहिजे. जानेवारीत जाँच होईल, शाळेला श्रेणी मिळेल आणि निकाल आई-बापांच्या सभेत मोठ्यानं वाचून दाखवावा लागेल.

मला मनापासून आवडला हा कायदा. आतापर्यंत कोणी विचारतच नव्हतं की पोराला येतं की नाही. आता सरकार विचारणार. उठून हे बोललोही. शरदचंद्रजी खूश झाले. शोभना मॅडम म्हणाल्या, "मग वाचनाचे प्रभारी चांगदेवजीच होतील." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मंजुळाला सांगितलं तर म्हणाली, "बाकीचे कोणी तयार नव्हते का?"

२६ सप्टेंबर

घसा बसला आहे. पुठ्ठ्याची अक्षरं कापून आणतो, पोरं ती जमिनीवर मांडतात, हरवतात, चोखतात. पर हळूहळू हलतंय. चार-पाच जण जोडून वाचायला लागले आहेत. एकेक शब्दाला एवढा वेळ लागतो की ऐकणाऱ्याचा जीव जातो, पण वाचतात.

सुमनला हे आवडत नाही. ती अडली की लगेच गोष्ट रचते आणि गोष्ट इतकी मजेदार असते की सगळे पुठ्ठे सोडून तिच्याभोवती गोळा होतात. आज रागावलो तिच्यावर. तिनं मान खाली घालून एक ओळ वाचायला घेतली, दोन अक्षरांवर थांबली आणि डोळ्यांत पाणी आलं. मग मीच म्हटलं, जाऊ दे, उद्या बघू.

१८ नोव्हेंबर

दिवाळी झाली, निम्मी पोरं परतलीच नाहीत. काही गावाला, काही बापाबरोबर ठेल्यावर. आली ती सगळं विसरून आली. दोन महिन्यांत काय होणार?

३ डिसेंबर

शोभना मॅडमनी सुट्टीनंतर थांबवून घेतलं. चहा मागवला. बडा गणपती मंदिराजवळ त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही, आयुष्य याच शहरात गेलं, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. माझ्याशी नेहमी मराठीतच बोलतात, आपल्या माणसासारख्या.

म्हणाल्या, "चांगदेवजी, शेवटची श्रेणी आली ना, तर आपली शाळा पटरीपलीकडच्या शाळेत मिळवून टाकतील. ही पोरं रेल्वेची पटरी ओलांडून जातील?"

मी म्हटलं, "मुली तर नाहीच जाणार."

"तेच तर." त्यांनी कपाटातून तीन कार्डं काढली. जाँचमध्ये हेच तीन उतारे असणार. कुठून मिळाले ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. "सराव करून घ्या. सरावाला कोण मना करतं?"

त्यांचं म्हणणं मला पटलं. मिलमध्येही बॉयलरचा इन्स्पेक्टर येणार असला की आम्ही आधी सगळं घासूनपुसून ठेवत असू. त्यात चोरी काय होती? आणि ओळखीचा उतारा आला तर पोरांना हिंमत येईल. हिंमत आली की खरं वाचनही येईल.

मॅडमनी सरावाच्या कागदावर प्रभारी म्हणून माझी सही घेतली. एवढा विश्वास माझ्यावर मिलमध्ये कोणी टाकला नव्हता.

१७ डिसेंबर

तीन उतारे: बैल, विहीर, आणि रविवारचा हाट. मी ओळ म्हणतो, पोरं म्हणतात. आता सगळ्यांना बोट फिरवायला शिकवतो आहे. बोट ओळीवर आणि आवाज बोटाबरोबर चालला पाहिजे, नाहीतर पाहणाऱ्याला शंका येते.

सुमन तर कमाल आहे. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात छापलं जातं. बैलाच्या उताऱ्यात बैल थकतो तिथे तिचा आवाजही थकतो. मी तिला पुढे उभं करतो, बाकीचे तिच्यामागून म्हणतात.

जोडून वाचणारी ती चार-पाच पोरं मात्र आता मागे पडली. ती अजून अक्षर बघत बसतात आणि सगळ्यांची लय बिघडवतात. त्यांना म्हटलं, खाली बघू नका, सुमनबरोबर म्हणा.

मंजुळा शिलाईचं मशीन चालवता चालवता ऐकत होती. विचारलं, "अहो, पर नवीन पान दिलं तर वाचतील ना?"

म्हटलं, "ते पुढचं आहे."

तिनं मशीनचा वेग वाढवला. हल्ली जरा रुसलेलीच असते. कामाचा ताण असेल.

१४ जानेवारी २००३

झालं! पहिल्या श्रेणीत! शरदचंद्रजींनी एकेकाला बोलावून कार्ड दिलं. सुमननं विहिरीचा उतारा असा वाचला की त्यांनी मान डोलावली आणि बरोबर आलेल्या दुसऱ्या शाळेच्या मास्तरांना सांगितलं, "ऐसा पढ़ना होना।" तिचं बोट एकदाही चुकलं नाही.

शोभना मॅडमनी पेढे वाटले. पुढच्या वर्षाच्या कराराचं बघते म्हणाल्या.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर मुलांना प्रमाणपत्रं दिली. वर सोनेरी अक्षरांत 'मैं पढ़ सकती हूँ', खाली नाव. सुमनला सगळ्यांच्या पुढे उभी करून हाटाचा उतारा वाचायला लावला. श्रीराम सुट्टीच्या दिवशीही मंडीत ट्रक उतरवून तसाच आला होता, केसांत भुसा. टाळ्या वाजवताना त्याला कळेना की थांबायचं केव्हा. मग त्यानं प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "इसमें म्हारी छोरी को नाम कहाँ है?" मी बोट ठेवून दाखवलं. तिथे तो बराच वेळ बघत राहिला.

मला माझ्या वडिलांची फार आठवण आली.

१४ फेब्रुवारी

सकाळी कोपऱ्यावर श्रीराम भेटला. त्याची बहीण हातोदला दिली आहे, तिच्याकडे मुलगा झाला. श्रीरामच्या आईला नातू बघायला जायचंय. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. श्रीरामला मंडीतून सुट्टी नाही, बायकोही तिथेच धान्य निवडते. "कल सुमन ले जाएगी। अब फिकर नी, बोर्ड पढ़ के बैठा लेगी।"

मी हसलो. पुढे काहीतरी बोलणार होतो, पर तेवढ्यात संबोधीची रिक्षा आली आणि तिच्या दप्तराचा बंद अडकला. मग तो निघून गेला.

१७ फेब्रुवारी

दोन दिवस लिहू शकलो नाही.

शनिवारी दुपारी सुमन आणि तिची दादी गंगवाल बस अड्ड्यावर गेल्या. गल्लीतल्या टेम्पोवाल्यानं बाहेर सोडलं. गाड्या सुटत होत्या, गर्दी होती. सुमननं बोर्ड बघून दादीला एका गाडीत चढवलं. ती धारची गाडी होती. कंडक्टर तिकिटाला येईपर्यंत शहर मागे पडलं होतं. त्यानं हातोद ऐकलं आणि चिडून गाडी तिथेच थांबवली. उतरा म्हणाला. घाईत म्हातारीचा पाय पायरीवरून सुटला, कमरेवर पडली. गाडी निघून गेली.

त्या दोघी रस्त्याच्या कडेला उन्हात किती वेळ होत्या देव जाणे. आपण कुठे आहोत हेही सुमनला सांगता येईना. समोर मैलाचा दगड होता म्हणे. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं दोघींना बेटम्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे सुमननं सगळं घडाघडा सांगितलं: बापाचं नाव, गल्ली, मंडीतल्या व्यापाऱ्याचं नाव, शाळा, आणि 'हमारे सर चांगदेवजी'. त्यावरून रविवारी सकाळी निरोप आला. तोपर्यंत श्रीराम हातोदला जाऊन रिकाम्या हातानं परतला होता.

म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं आहे. इंदूरला मोठ्या अस्पतालात आणलं.

बेटम्याला जायच्या आधी श्रीराम माझ्या दारात आला होता. आत आला नाही. डोळे लाल. म्हणाला, "भिया, एक बात सच-सच बता। छोरी को पढ़ना आवे कि नी आवे?"

मंजुळा माझ्यामागे उभी होती.

मी म्हटलं, "आता है, आता है। गाडी छूट रही होगी, घबरा गई होगी। बच्ची है।"

त्यानं मान हलवली आणि गेला.

खरंच घाबरली असणार. मोठी माणसंसुद्धा गडबडीत चुकतात.

२१ फेब्रुवारी

सुमन शाळेत येत नाही. मी वर्गात जाँचच्या पुढच्या फेरीची तयारी घेतो आहे. नवे तीन उतारे आले आहेत. पुढे उभं राहून म्हणायला आता कोणी नाही.

२४ फेब्रुवारी

मंजुळा अस्पतालात डबा घेऊन गेली होती. आल्यावर पदरही न खोचता भाकऱ्या थापायला बसली. मी विचारलं, म्हातारी कशी आहे?

"पडून आहे. उठेल असं डॉक्टर म्हणत नाहीत."

मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "श्रीरामनं सुमनला मारलं. पट्ट्यानं. हातावर वळ आहेत. वाचता येत असून नीट बघितलं नाही, मस्ती करत होती, म्हणून मारलं. तिची आई सांगत होती."

मी ताट पुढे ओढलं.

"येत असून," ती परत म्हणाली. भाकरी जळत होती, तिनं उलटली नाही.

मी म्हटलं, नोकरी गेली तर संबोधीच्या शाळेचं काय? तू एकटी किती शिवशील? असं बरंच बोललो. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आपली संबोधी वाचते का हो?"

"वाचते ना. काल सगळं पान वाचलं."

"तिला कार्ड देऊन पाठ करवून घेतलं असतं त्या शाळेनं, तर तुम्ही काय केलं असतं?"

जेवलो नाही. भूकच नव्हती.

२८ फेब्रुवारी

आज वर्गात नवा उतारा न देता दुसरीचंच पुस्तक काढलं. कोणतंही पान उघडून एकेकाला दिलं. ज्याला त्याला सुटंसुटं, जवळ बसवून.

बहुतेकांनी पानावर बोट ठेवलं आणि बैलाचा उतारा म्हणायला सुरुवात केली. बोट बरोबर चाललं होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर. पानावर पतंगाचं चित्र होतं. एकालाही वाटलं नाही की काही चुकतंय. मी शिकवलं होतं तसंच करत होते बिचारे. माझ्याकडे बघून हसत होते, शाबासकीसाठी.

सप्टेंबरमध्ये जोडून वाचणारी ती पोरंही आता बैलच म्हणतात.

६ मार्च

शोभना मॅडमना सांगितलं की शनिवारच्या पालक सभेत मी निकाल वाचणार नाही, जे आहे ते सांगणार. त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून पुसत राहिल्या.

"तुम्हाला हलकं वाटेल, चांगदेवजी. पर शाळा गेली तर? त्या पोरींचं काय?"

मी म्हटलं, "असं वाचून तरी काय होणार त्यांचं?"

"शाळा राहिली तर कधीतरी कोणी खरं शिकवेल." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि सरावाच्या कागदावर सही तुमची आहे. माझी नाही. हे मी धमकी म्हणून सांगत नाही."

मग कशासाठी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही.

८ मार्च

सभा झाली. श्रीराम आला नव्हता, मंडी सुरू होती. बायका जास्त होत्या. शरदचंद्रजी खुर्चीवर.

मी उभा राहिलो. म्हटलं, "आपके बच्चे पढ़ते नहीं हैं, बोलते हैं। मैंने रटवाया है। जाँच में जो पढ़ा, वो सब याद किया हुआ था।" कार्डं कुठून आली ते मी बोललो नाही. शोभना मॅडम खाली बघत होत्या.

वाटलं होतं आरडाओरडा होईल. काहीच झालं नाही. मागून एक बाई म्हणाली, "तो अब?" एवढंच. दुसरी म्हणाली, "पहले क्यों नी बोले?" एक जण उठून गेला. शरदचंद्रजींनी सांगितलं की मास्टरजी की तबियत ठीक नहीं है, आणि सभा संपवली.

'तो अब?' विचारणारी बाई फाटकाशी मला परत भेटली. तिचा मुलगा बरोबर होता. म्हणाली, "म्हारे को तो पता था, सर। दुकान को बोर्ड पूछती थी तो बैल की बात करतो थो।" आणि हसली. मला ते हसणं फार लागलं.

२० मार्च

करार एप्रिलअखेर संपेल, पुढे वाढणार नाही, असा कागद मिळाला. चौकशी नाही, काही नाही. शाळेची श्रेणी तीच राहिली. नव्या उताऱ्यांची तयारी दुसरे शिक्षक घेत आहेत. मंजुळानं कागद वाचला, घडी करून परत दिला आणि चहा ठेवला. आज बऱ्याच दिवसांनी माझ्याजवळ बसून प्यायली.

संबोधीचं जूनमध्ये बघू.

२३ मार्च

श्रीरामकडे जायचं सभेच्या दिवसापासून टाळत होतो. कोणीतरी सांगितलंच असेल त्याला, असं वाटत होतं. आज रविवार, मंडी बंद. मंजुळा म्हणाली, "मी येऊ का?" म्हटलं, नको.

दार उघडंच होतं. त्याची बायको अस्पतालात सासूजवळ होती. श्रीराम पाटावर बसला होता आणि सुमन त्याच्यापुढे पाठ करून. तो तिची वेणी घालत होता. हमालाचे हात, केस सारखे निसटत होते. सुमननं मला बघितलं आणि मान वळवली.

मी दारातच बसलो. सगळं सांगितलं. कार्डं, बोट फिरवणं, सगळं. म्हटलं, "उस दिन तूने पूछा था तो मैं झूठ बोला। छोरी की गलती नहीं थी। उसको पढ़ना आता ही नहीं था। मुझे पता था।"

मला वाटलं, श्रीराम उठेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याचे हात तेवढे थांबले होते, केसांत तसेच. मग त्यानं सुमनची बाही थोडी वर सरकवली, बघितलं, आणि खाली केली. परत वेणी घालू लागला. एकदा सोडली, परत पहिल्यापासून घातली. रिबिनीची गाठ काही केल्या बसेना.

"तू जा, चांगदेव," तो शेवटी म्हणाला. भिया म्हणाला नाही.

मी उठलो. दाराबाहेर गेलो तेव्हा मागून सुमनचा आवाज आला. तो मोठा आवाज नव्हता.

"सर, उस बस पे क्या लिखा था?"

मी थांबलो. श्रीरामकडे बघितलं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी ओट्यावरच्या चुलीजवळून कोळशाचा तुकडा घेतला आणि ओट्याच्या फरशीवर लिहिलं: धार. त्याच्याखाली लिहिलं: हातोद.

सुमन वाकली. बराच वेळ बघत राहिली. बोट फिरवलं नाही. मग दोन्ही शब्दांतल्या पहिल्या अक्षराशेजारच्या उभ्या काठीवर बोट ठेवलं, एकदा वर, एकदा खाली.

"ये तो दोनों में है," ती म्हणाली. "आ। मैंने ये देखा था। हा-तोद में आ बोलते हैं ना। तो मैं बैठ गई।"

आ. तेवढंच आलं होतं तिला वर्षभरात, आणि तेवढं तिनं बरोबर वाचलं होतं.

श्रीराम तिच्यामागे येऊन उभा राहिला होता. फरशीकडे बघत होता, जसा त्या दिवशी प्रमाणपत्राकडे बघत होता. मग माझ्याशी नाही, तिच्याशीच बोलला, अगदी हळू.

"और दूसरो अक्षर कौन सो है, बेटा? वो पूछ ले इनसे।"